राधानगरीचा सडा आणि वीस मिनिटांची काचनळी

पाऊस उघडला की कोल्हापूरकरांच्या गाड्या पश्चिमेकडे वळतात. कुणी गगनबावडा धरतो, कुणी आंबा घाट. आमच्या घराची ओढ पहिल्यापासून राधानगरीकडे. सप्टेंबर संपत आला होता, पुण्याहून ताई-दाजी आले होते, आणि भाची कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकते. तिला कीटक खाणारी झाडं बघायची होती, पुस्तकातली नव्हे, जमिनीत उगवलेली. मग दिवस ठरायला वेळ लागला नाही. सकाळी धरण, मग सडा, दुपारी राऊतवाडीचा धबधबा आणि परतताना लक्ष्मी तलावाच्या काठाला चहा, असा बेत होता.

रंकाळा मागे टाकला, वाशी नाका ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. हळदीपर्यंत तोच. भोगावतीच्या साखर कारखान्याचं धुराडं अजून गप्प होतं, गळीत हंगामाला वेळ होता. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार नद्या आणि पाचवी गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते, हे दाजींना ठाऊक होतं. पण यातली आपण कुठली ओलांडली, हे प्रत्येक पुलावर ते विचारत होते. मला ते आवडतं. पाहुण्यानं नदीचं नाव विचारलं की गाव त्याचं होऊ लागतं.

धरणाजवळ गाडी थांबवली. राजर्षी शाहू महाराजांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतलं. पैशाअभावी ते मध्येच थांबलं आणि पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. पाण्याला महाराणी लक्ष्मीबाईंचं नाव आणि गावाला महाराजांच्या लेकीचं, राधाबाईंचं. आठ टीएमसीच्या वर पाणी इथे मावतं. पण बघण्यासारखी गोष्ट म्हणजे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरावीक पातळीला आलं की दाबानं दरवाजा आपोआप उचलला जातो, पाणी उतरलं की बसतो. बटण दाबायला माणूस लागत नाही. पावसाळ्यात ‘राधानगरीचा तीन नंबरचा दरवाजा उघडला’ अशी बातमी आली की अख्ख्या शहराचं लक्ष पंचगंगेची पातळी मोजतात त्या राजाराम बंधाऱ्याकडे जातं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. 2019 चा आणि 2021 चा पूर ज्यांनी बघितला, त्यांना या भिंतीकडे नुसतं निसर्गदृश्य म्हणून बघता येत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी दरवाजे बंद होते. तलाव मात्र काठोकाठ.

तिथून वर चढलो. अभयारण्य पावसाळ्यात पर्यटकांना बंद असतं, त्यामुळे दाजीपूरच्या गव्यांचा विचारच नव्हता. आम्हाला जायचं होतं ते हद्दीबाहेरच्या एका सड्यावर. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गर्दीच्या पायांखाली सडे कसे तुडवले जातात ते आपण कासला बघितलं आहे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात इथे बघायला काही नसतं, काळा तापलेला दगड नुसता. पावसात त्याच दगडाच्या खळग्यांत बोटभर माती आणि पाणी साठतं आणि तेवढ्यावर सगळा संसार उभा राहतो. पांढऱ्या गेंदांची बुटकी ताटं, मध्ये सोनकीचे पिवळे पट्टे, कडेला तेरडा. सगळ्यांत दाट होती सीतेची आसवं, जांभळी, नखाएवढी. भाची पोटावर झोपूनच बघायला लागली. जांभ्याच्या या मातीत नत्र जवळजवळ नसतं, ती सांगत होती, म्हणून ही झाडं ते किड्यांच्या अंगातून मिळवतात. सीतेच्या आसवांचे सापळे जमिनीखाली असतात. सूक्ष्म फुगे ते, जवळ आलेल्या जिवाला पाण्यासकट आत ओढून घेतात. मग तिला दवबिंदूही सापडली. लाल केसाळ पानं, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि एका पानावर अडकलेलं चिलट. आम्ही पाचही जण त्या चिलटाभोवती गोल करून बसलो होतो. इतका वेळ इतक्या लहान गोष्टीकडे मी याआधी कधी बघितलं असेल, आठवत नाही.

दाजी फोटोसाठी थोडे पुढे सरकले. एका सुट्या दगडाला टेकून त्यांनी पाय रोवला आणि ओरडले. चपलेच्या पट्ट्याच्या वर, घोट्याखाली, दोन बारीक टिंबं. दगडाखाली तपकिरी शेपूट सरकताना ताईला दिसली, तेवढीच.

भाचीनं घड्याळ बघितलं. पावणेबारा. तिनं ते हातावर पेनानं लिहिलं. पुढे डॉक्टरांनी पहिला प्रश्न वेळेचाच विचारला.

दाजी म्हणाले, “रुमाल बांध, घट्ट बांध.” ताईनं ओढणी सोडलीसुद्धा होती. आमच्या कॉलेजात सर्पमित्रांचं एक शिबिर झालं होतं, त्यातलं एवढं माझ्या डोक्यात पक्कं होतं: बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही आणि चालू द्यायचं नाही. घट्ट बांधलं तर विष थांबत नाही, पायाचा रक्तपुरवठा मात्र तुटतो. पाय मोडल्यावर जसा न हलवता ठेवतात तसा ठेवायचा. छत्री पायाला लांब लावली आणि ओढणीनं सैल गुंडाळली. चप्पल काढली. सूज आली तर अडकेल म्हणून माझ्या बायकोनं त्यांच्या पायाच्या बोटातलं चांदीचं वळंही काढून घेतलं. ते मला सुचलं नसतं.

पण गाडी खाली होती आणि फोनला रेंज नव्हती. दाजींना चालवत न्यायचं नाही, तर न्यायचं कसं?

सड्याच्या पलीकडे म्हशी चरत होत्या. ओरडणं ऐकून धनगरवाड्यावरचे एक मामा आणि त्यांचा मुलगा आले. मामांनी टिंबं बघितली, दगडाकडे बघितलं, काठीनं दगड हलवायला मात्र गेले नाहीत. “फुरसं आसल. ह्या सड्यावर तेच हाय. बसा, पाव्हणं, पाय हलवू नगासा.” साप मारून न्यावा का, असं ताईनं विचारलं. “दुसऱ्याला चावंल तेवढ्यात,” ते म्हणाले आणि खांद्यावरचं घोंगडं जमिनीवर पसरलं.

त्या घोंगड्यात दाजींना घेऊन आम्ही चौघे उतरलो. चार कोपरे चौघांकडे, ताई डोक्याशी. काळ्या लोकरीला ओल्या मेंढीचा वास येत होता आणि दाजी, ज्यांना एरवी गप्प बसवत नाही, ते एक शब्द बोलत नव्हते. वाटेत मी मामांना भीत भीत विचारलं, इथे भगताकडे नेतात का अजून? ते म्हणाले, “न्हेत हुती. माजी भन तशीच गेली. आता सरळ दवाखाना.”

रेंज आल्याबरोबर 108 ला फोन लावला. आमची गाडी निघालेली असल्यानं आम्हीच पुढे येतो, असं ठरलं. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. ड्युटीवर एक तरुण डॉक्टर बाई होत्या. साप आणला नाही ते बरं केलंत, त्या म्हणाल्या. औषध साप बघून नाही, माणूस बघून ठरवायचं असतं.

लगेच इंजेक्शन का देत नाही, हा आमचा प्रश्न होता. तो प्रत्येक नातेवाइकाचा असणार. त्यांनी घाईतही नीट सांगितलं. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून बनतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर ते चालतं. चापड्यावर, जो याच जंगलात असतो, चालत नाही. आणि काही माणसांना त्याचीच जोरदार रिॲक्शन येते. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणून अंगात विष चढल्याची खूण दिसली तरच द्यायचं.

ती खूण शोधायची रीत इतकी साधी की आधी विश्वास बसला नाही. कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत दोनेक मिली रक्त घ्यायचं, नळी स्टँडला उभी करायची आणि वीस मिनिटं तिला हातही लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्ताचा गोळा झाला असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्त गोठायची ताकद खाऊन टाकली आहे. मशीन नाही, वीज नाही. फुरसं आणि घोणस रक्तावरच घाव घालतात, त्यामुळे हे लगेच कळतं. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं, तिथे नळी उपयोगाची नाही. म्हणून सिस्टर दर थोड्या वेळानं दाजींच्या पापण्या बघत होत्या, मान उचलायला लावत होत्या.

पहिली नळी तिरकी केली. गोठलेलं. ताई रडली, आम्ही सगळेच सुटलो. पाय जरा सुजला होता, बाकी दाजी ठणठणीत. आता निघावं का, असा विषय आमच्यात निघालाही. डॉक्टर बाई ठाम होत्या: चोवीस तास इथून हलायचं नाही, नळी पुन्हा पुन्हा लावायची.

ही गोष्ट मी लिहायला घेतली ती या जागेसाठी. पुढच्या तासाभरात दाजींनी चूळ भरली आणि पाणी गुलाबी आलं. हिरड्यांतून रक्त येत होतं. सुई टोचली होती तिथला कापूस भिजला होता. दुसरी नळी लावली. वीस मिनिटं आम्ही त्या नळीकडे बघत होतो, सकाळी दवबिंदूकडे बघितलं तसं जवळून. सिस्टरनी ती तिरकी केली आणि रक्त सरळ काठापर्यंत वाहत आलं.

मग कुणी धावलं नाही, ओरडलं नाही. त्याचंच मला जास्त अप्रूप वाटलं. प्रतिविषाच्या दहा बाटल्या टेबलावर आल्या. पांढरी भुकटी असते ती, तिच्यात पाणी घालून विरघळवावी लागते. सिस्टर एकेक बाटली दोन तळव्यांत हळू फिरवत होत्या, कारण जोरात हलवली तर फेस येतो. ते सगळं सलाइनमधून तासाभरात द्यायचं. निम्मंही गेलं नसेल, तेवढ्यात दाजींच्या अंगावर गांध्या उठल्या, थंडी वाजून दात वाजायला लागले. अॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन आधीच भरून उशाशी ठेवलेलं होतं. सलाइन थांबवलं, मांडीत ते दिलं, आणि अंग शांत झाल्यावर पुन्हा हळू सुरू केलं. “लागलं तर सीपीआरला पाठवू, गाडी सांगून ठेवली आहे,” डॉक्टर बाई म्हणाल्या. सीपीआर म्हणजे कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय. ती वेळ आली नाही.

प्रतिविष विषाला बांधतं, पण संपलेले गोठणारे घटक यकृताला नव्यानं तयार करावे लागतात. त्याला सहाएक तास लागतात, म्हणून पुढची नळी रात्री. तोवर लघवीचा रंग बघणं आणि वाट बघणं. भाची बाकावर बसून सकाळचे फोटो बघत होती. चिलटाचा फोटो आला तसा तिनं फोन पालथा ठेवला. बायकोनं घरून आणलेलं भडंग आणि धपाटी आम्ही शेजारच्या खाटेवरच्या आजींना दिली, आमच्यापैकी कुणाच्या घशाखाली उतरत नव्हती. रात्री नऊ वाजून गेल्यावर तिसरी नळी तिरकी झाली आणि रक्त तळाशी घट्ट बसून राहिलं.

दुसरा दिवसही तिथेच गेला. सोडताना डॉक्टर बाईंनी बजावलं, आठ-दहा दिवसांत ताप, सांधेदुखी किंवा पुरळ आलं तर लगेच दाखवा, प्रतिविषानं उशिरा तसं होतं. दाजींना पुण्याला गेल्यावर दोन दिवस सांधे दुखले, गोळ्यांनी थांबले. या सगळ्या औषधाचा एक पैसाही पडला नाही. सर्पदंशाचं प्रतिविष सरकारी रुग्णालयात मोफत असतं. सड्यावर किंवा घाटात जाण्याआधी ते जवळ कुठे मिळतं, एवढा फोन आता आमच्या घरातून होतो. आणि सड्यावर चपला नाहीत, घोट्याच्या वर येणारे बूट.

राऊतवाडी राहिलीच. दाजी पुढच्या पावसात येतो म्हणाले आहेत.

घोंगडं मात्र आमच्या डिकीत राहिलं होतं. ते धुवायचं का नाही यावर घरात बराच खल झाला, शेवटी नुसतं उन्हात टाकलं आणि मी ते परत द्यायला गेलो. सोबत गमबुटांचे दोन जोड नेले, एक मामांना, एक त्यांच्या सुनेला, जी रोज त्याच सड्यावरून वैरण आणते. मामांनी आधी विचारलं, “पाव्हणं जेवत्यात का?” मग बूट चढवले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि काढून कोपऱ्यात ठेवले. पावसात बरं, म्हणाले, पण ओल्या जांभ्यावर तळ घसरतोय ह्याचा. सून तिचे घालूनच म्हशींमागं गेली.