पोर्सेलिनचा ओटा आणि सिंकचा तो एक कोपरा

पोर्सेलिनची, म्हणजे भट्टीत भाजलेल्या चिनी मातीची, मोठी स्लॅब पसंत केली, मापं झाली, ओटा बसला. बाथरूममधला बेसिनचा काउंटरही त्यातच उरकला. अडलं ते स्वयंपाकघरात सिंक बसवायला ओट्यात कापलेल्या होलपाशी.

तिसऱ्या दिवशी ओटा पुसत होते. बाकीचं पाणी वाळलं, पण सिंकच्या मागच्या कोपऱ्यातून भिंतीकडे केसाएवढी ओली रेघ तशीच राहिली. नख फिरवलं तर अडकलं. तडा!

स्लॅब कापणारे वर्कशॉपवाले म्हणाले, "स्लॅबच खराब असणार." विक्रेता म्हणाला, "कटिंग चुकलंय." या टोलवाटोलवीत तीन आठवडे गेले. अजून आठवलं की डोकं तापतं, कारण उत्तर डोळ्यांसमोर होतं. सिंक काढायला लावून मी होलचे जवळून फोटो घेतले. कोपरा थेट काटकोनात कापलेला आणि ब्लेडची खाच कोपऱ्याच्या पुढे गेलेली. तडा नेमका त्या खाचेतून निघालेला.

पोर्सेलिन साधारण १२०० अंश सेल्सिअसवर भाजलेलं असतं. पाणी अर्ध्या टक्क्याहूनही कमी शोषतं, त्यामुळे ग्रॅनाइटसारखं सीलर, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून वरून लावायचं द्रव्य, लागत नाही. पण ते फारसं लवत नाही. काटकोनात सगळा ताण एका टोकाला गोळा होतो. म्हणून आधी चारही कोपऱ्यांत गोल भोकं पाडायची आणि मग एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत कापायचं. फोटो पुढे ठेवल्यावर वर्कशॉपने चूक मान्य केली.

नवी स्लॅब कापताना मी तिथे उभी राहिले. त्यांनी आधी चारही कडांच्या पट्ट्या काढल्या, म्हणजे आतला ताण सुटतो. मग गोल भोकं आणि ब्लेडवर सतत पाणी. मधला तुकडा अलगद सुटला तेव्हा कुठे माझा श्वास मोकळा झाला.

सिंक हातात आल्याशिवाय मापं देऊ नका, हे आधीच सांगायला हवं होतं. डिझाइन बहुतेक वेळा फक्त वरच्या थरावर छापलेलं असतं, तेव्हा पुढची कड दोन तुकडे ४५ अंशांत कापून जोडून घ्या, नाहीतर आतला वेगळा रंग दिसतो. आमची स्लॅब १२ मिलिमीटरची, त्यामुळे खाली सलग आधार घेतला. गरम भांड्याची मला काळजी वाटत नाही, पण जड भांडं कडेवर आपटलं तर टवका उडतो.

आणि होलमधून निघालेला तुकडा मागून घ्या. टवका भरायची वेळ आली तर रंग त्यावरच जुळवून बघता येतो. माझा तुकडा सिंकखालच्या कपाटात आहे.