कोपरा कापलेला पासपोर्ट

मुंबई विमानतळाच्या टी-२ वर रात्रीच्या अमेरिकेच्या फ्लाइटच्या चेक-इन काउंटरवर बसलं की आम्ही तिकिटाआधी कागद बघतो. अपुऱ्या कागदांचा माणूस नेला तर तिकडे दंड एअरलाइनला बसतो. लोकांना वाटतं, आम्ही फक्त बॅगा मोजतो.

त्या रात्री पुण्याचं कुटुंब होतं. बाई पीएच.डी. करतात, एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. नवरा आणि सहा वर्षांचा मुलगा एफ-२ वर, म्हणजे तिच्या कुटुंबाच्या व्हिसावर. तिघांचे वेगळे आय-२०, म्हणजे विद्यापीठाने दिलेले फॉर्म, त्यांवर विद्यापीठाची प्रवासाची सही वर्षाच्या आतली. इतकी नेटकी फाइल क्वचित दिसते. मुलाचा पासपोर्ट मात्र कोरा निघाला.

लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो. यांनी सुट्टीत नवा काढला होता. व्हिसा जुन्यात, अजून चालू. पण जुन्यावर रद्दचा शिक्का, कोपरा कापलेला, म्हणून तो आजीच्या कपाटात राहिला. पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला व्हिसा चालतो, दोन्ही बरोबर ठेवायचे, एवढं सांगायला फी घेणाऱ्या सल्लागारांना काय होतं?

मामा पुण्याहून गाडी घेऊन निघाला. त्याचा खालापूर टोलवरून फोन आला तेव्हाच मी मनात हिशेब केला. काउंटर विमान सुटण्याच्या तासभर आधी बंद होतं.

‘‘मी एकटी पुढे गेले तर?’’ बाईंनी विचारलं. सोमवारपासून त्यांना वर्ग घ्यायचे होते. एफ-२ची माणसं मागाहून आली तरी चालतं, मी सांगितलं. त्या लगेच खाली बसल्या आणि बॅगा उघडल्या. तेवीस-तेवीस किलोच्या सहा बॅगा, सगळ्यांचं सगळ्यांत. गोडा मसाला, कुकर, पोराचे स्वेटर. शेजारच्या काउंटरवरची म्हणाली, ‘‘कशी आई आहे!’’ बाप पुढे गेला असता तर ती गप्प बसली असती.

मामा आला तेव्हा काउंटर बंद झालं होतं, विमान गेटवरच होतं. सुपरवायझरना म्हटलं, सामान राहू दे, नुसती दोन माणसं घ्या. ‘‘नियम म्हणजे नियम.’’ एका पुढाऱ्याच्या पाहुण्यांसाठी हाच नियम वाकलेला मी पाहिलाय.

नवऱ्याने जुना पासपोर्ट माझ्यापुढे धरला. व्हिसा बरोबर होता. मग त्याने विचारलं, ‘‘मुलाला मी एकटा नेणार, तर हिचं संमतीपत्र लागेल?’’ सक्तीचं नाही, पण जवळ असू द्या, मी म्हटलं. त्याने तिथूनच फोन लावला. त्या अजून बोर्डिंगच्या रांगेत होत्या.