दहा चमचे

आज ह्यूस्टनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये मधुमेहाच्या वर्गाला मदतीला गेले होते. समोर वीसेक मेक्सिकन बायका, शिकवणारीही त्यांच्यातलीच. तिला 'प्रोमोतोरा' म्हणतात, म्हणजे वस्तीतलीच आरोग्यसेविका. मला आपल्या आशाताई आठवल्या. तिने कोलाचा ३५५ मिलीचा कॅन ठेवला आणि शेजारच्या ग्लासात साखर मोजायला घेतली. एक, दोन... जवळजवळ दहा चमचे! मागून एक आजी पुटपुटल्या, "आय, दिओस मिओ."

एकीचं ठाम मत, नवऱ्याला मधुमेह झाला तो अपघाताच्या धसक्याने. याला त्या 'सुस्तो' म्हणतात. प्रोमोतोरा हसली नाही, पूर्ण ऐकून घेतलं, मगच वजनाकडे वळली. (डॉक्टरांना हे जमेल?) टोर्टिया (त्यांची पोळी) सोडा, असंही म्हणाली नाही. मैद्याऐवजी मक्याची, चारऐवजी दोन, घेवडा जास्त.

२००२ साली, मधुमेहाचा धोका असलेल्या लोकांवरच्या एका अमेरिकी अभ्यासात ७ टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं होतं. मेटफॉर्मिन या औषधाने ३१.

निघताना आजींनी विचारलं, "तुमच्यातही असतो का हा?" म्हटलं, आमच्या घरातच तिघांना आहे.

सगळ्यांसाठी नेलेला शंकरपाळ्यांचा डबा पर्समधून काही बाहेर काढवला नाही.