४४० चा चौरस: बेरीज आधी, आकडे नंतर

जादूचा चौरस म्हणजे ज्याच्या प्रत्येक आडव्या ओळीची, उभ्या रांगेची आणि दोन्ही कर्णांची बेरीज एकच येते असा आकड्यांचा चौरस. तो शिकवताना बहुतेक वेळा १ पासून आकडे भरायला सांगतात. मग बेरीज जी येईल ती खरी. ३×३ मध्ये १५, ४×४ मध्ये ३४, ५×५ मध्ये ६५. खरी गंमत उलट दिशेने आहे. बेरीज आधी ठरवायची आणि तिच्या मापाने चौरस बांधायचा. नागपुरात बेरीज शोधायला लांब जावे लागत नाही. शहराचा पिनकोड ४४० ने सुरू होतो, शेजारच्या कामठीचा ४४१ ने. दोघांत फरक एकाचाच, पण एक आकडा जिथे सहज बसतो तिथे दुसरा अडतो. तो नेमका कुठे अडतो हे कळले की बांधणीचे मर्म कळते.

३×३ पटकन उरकू. मधल्या घरातून चार ओळी जातात: एक आडवी, एक उभी, दोन कर्ण. त्या चारींची बेरीज केली तर सगळी घरे एकदा येतात आणि मधले घर आणखी तीनदा. म्हणून मधला आकडा बेरजेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच असावा लागतो. ४४० ला ३ ने भाग जात नाही, तेव्हा पूर्णांकांत ४४० चा ३×३ चौरस होतच नाही. ४४१ चा होतो, मध्ये १४७ येतो.

आता ५×५. ४४० मधून ६५ वजा केले की ३७५ उरतात, पाचाने भागले की ७५. म्हणजे १ ते २५ चा कोणताही चौरस घ्यावा आणि प्रत्येक घरात ७५ मिळवावे. आकडे ७६ ते १००, मधोमध ८८.

मूळ चौरसाची रीत सगळ्यांना माहीत असलेलीच. वरच्या ओळीच्या मधल्या घरात १ लिहा. पुढचा आकडा तिरपा, वर-उजवीकडे. वरून बाहेर गेलात तर त्याच उभ्या रांगेत तळाशी या, उजवीकडून बाहेर गेलात तर त्याच ओळीत डावीकडे. घर भरलेले असेल तर आत्ता लिहिलेल्या आकड्याच्या खाली उतरा.

१७ २४ १ ८ १५
२३ ५ ७ १४ १६
४ ६ १३ २० २२
१० १२ १९ २१ ३
११ १८ २५ २ ९

चूक नेहमी एकाच जागी होते, खाली उतरताना. ५ नंतर तिरपे गेले की १ चे भरलेले घर लागते. अशा वेळी ६ हा ५ च्या खाली यायला हवा, पण हात १ च्या खाली जातो, कारण नजर त्या भरलेल्या घरावर खिळलेली असते. दुसरी अडचण १५ पाशी. तो कोपऱ्यात आहे, तिरपे गेले की वरून आणि उजवीकडून दोन्हीकडून बाहेर पडतो आणि डावीकडच्या तळाच्या घरात येतो. तिथे ११ बसलेला असतो, म्हणून १६ हा १५ च्या खाली. रीत बिनचूक चालली असेल तर १३ बरोबर मधोमध पडतो. तिथे दुसराच आकडा दिसला तर पुढे भरत बसू नका, खोडून ५ पासून पाहा.

या रीतीला जगभर सयामी रीत म्हणतात, कारण चौदाव्या लुईचा सयाममधला दूत सिमों द ला लुबेर याने ती १६९१ च्या पुस्तकात छापली. पण त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे की परतीच्या जहाजावर व्हिन्सेंट नावाच्या सहप्रवाशाने ती शिकवली, आणि व्हिन्सेंटने ती सुरतेच्या लोकांकडून घेतली होती. म्हणजे रीत सयामी नाहीच, सुरती आहे, आणि हे नाव दुरुस्त व्हायला हवे असे मला मनापासून वाटते. सम (४×४, ६×६ अशा) चौरसांची रीतही सुरतेत होती, पण ती व्हिन्सेंट विसरला होता.

आता याच चौरसात ४४१ बसवू. ४४१ वजा ६५ म्हणजे ३७६, पाचाने भागून ७५ आणि बाकी १. बाकीचे काय करायचे? सर्वांत मोठ्या पाच आकड्यांना, २१ ते २५ ना, ७५ ऐवजी ७६ मिळवायचे. प्रत्येक ओळीत या पाचांपैकी एकच असेल तर प्रत्येक बेरीज एकाने वाढेल. वरच्या चौरसात तपासा. आडव्या पाचही ओळींत एकेक आहे, उभ्या पाचही रांगांत एकेक आहे, १७ पासूनच्या कर्णात २१ आहे. दुसऱ्या कर्णात मात्र १५, १४, १३, १२, ११. तिथे एकही नाही. म्हणून बारापैकी अकरा बेरजा ४४१ येतात आणि तो एक कर्ण ४४० वरच अडतो.

इथे घोड्याची चाल घ्यावी. वरच्या डाव्या कोपऱ्यात १. पुढचा आकडा दोन घरे वर आणि एक डावीकडे. घर भरलेले लागले तर शेवटच्या आकड्यापासून दोन खाली आणि दोन उजवीकडे.

१ ८ १५ १७ २४
१२ १९ २१ ३ १०
२३ ५ ७ १४ १६
९ ११ १८ २५ २
२० २२ ४ ६ १३

इथे २१ ते २५ मधला एकेक आकडा प्रत्येक ओळीत, रांगेत आणि दोन्ही कर्णांत आहे. एका कर्णात २५, दुसऱ्यात २४. बाकीचा १ निर्धास्त मिळवा. पहिली ओळ ७६, ८३, ९०, ९२, १०० होते, बेरीज ४४१. बाकी २, ३ किंवा ४ उरली तरी हाच चौरस चालतो, आणि मोठे आकडेच वाढत असल्याने कोणताही आकडा दोनदा येत नाही.

सर्वांत सुंदर प्रकरण ४×४ चे. ४४० वजा ३४ म्हणजे ४०६, चाराने भागून १०१ आणि बाकी २. शाळेत शिकवतात ती सोपी रीत अशी: १ ते १६ ओळीने लिहा आणि दोन्ही कर्णांवरचे आकडे १७ मधून वजा करून लिहा.

१६ २ ३ १३
५ ११ १० ८
९ ७ ६ १२
४ १४ १५ १

बेरीज ३४ बरोबर येते. आता १३ ते १६ ना १०३ आणि बाकी सगळ्यांना १०१ मिळवा. उभ्या रांगा ४४०, दोन्ही कर्ण ४४०. आडव्या ओळी मात्र ४४२, ४३८, ४३८, ४४२. कारण १६ आणि १३ पहिल्याच ओळीत आहेत, १४ आणि १५ शेवटच्या ओळीत, मधल्या दोन ओळींत काहीच नाही. उभ्या रांगा तपासून थांबणाऱ्याला ही चूक दिसत नाही.

याऐवजी खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात कोरलेला चौतिसा, म्हणजे ३४ बेरजेचा चौरस, घ्या.

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

१३ ते १६ कुठे आहेत पाहा. प्रत्येक ओळीत एक, प्रत्येक रांगेत एक, एका कर्णात १३, दुसऱ्यात १४. मिळवणी केली की असा होतो:

१०८ ११३ १०२ ११७
१०३ ११६ १०९ ११२
११९ १०४ १११ १०६
११० १०७ ११८ १०५

ओळ, रांग किंवा कर्ण, कोणताही जोडा, ४४०.

हे का जमते त्याचे उत्तर नारायण पंडितांच्या १३५६ मधल्या ‘गणितकौमुदी’त आहे, भद्रगणिताच्या, म्हणजे जादूच्या चौरसांच्या, चौदाव्या प्रकरणात. ते एक चौरस दोन चौरसांतून बांधतात. खालचा छाद्य, वरून झाकणारा छादक. हात जोडावेत तसे दोन्ही एकमेकांवर मिटायचे आणि समोरासमोरच्या घरांची बेरीज करायची. चौतिसा असाच सोडवता येतो. इथे मिटण्याऐवजी सरळ एकावर एक ठेवले आहेत.

छाद्य:
३ ४ १ २
२ १ ४ ३
४ ३ २ १
१ २ ३ ४

छादक:
४ ८ ० १२
० १२ ४ ८
१२ ० ८ ४
८ ४ १२ ०

दोन्ही थरांत चारही आकडे प्रत्येक ओळीत, रांगेत आणि कर्णात एकेकदाच येतात. मग छादकात ०, ४, ८, १२ च हवेत असे कुठे आहे? त्यांच्या जागी १०१, १०५, १०९, ११५ घाला. त्यांची बेरीज ४३०, छाद्याची १०, मिळून ४४०. कामठीसाठी ११५ चे ११६ करा, झाले ४४१. पथ्य एकच, छादकातल्या कोणत्याही दोन आकड्यांत किमान ४ चे अंतर ठेवा. १०१ आणि १०३ एकत्र घेतले तर १०४ दोनदा येईल, कारण १०१+३ आणि १०३+१ दोन्ही तेच.

६×६ ला मात्र ही दोन थरांची वाट बंद आहे. ज्यांच्या सगळ्या जोड्या वेगळ्या येतील असे दोन थर सहाच्या चौरसात मिळणार नाहीत, असा गणितज्ञ ऑयलरचा १७८२ चा अंदाज होता. गास्तों तारी यांनी १९००-०१ मध्ये सगळ्या शक्यता हाताने तपासून तो खरा ठरवला. म्हणून इथे चार ३×३ शिवून काढायचे. ८ १ ६ / ३ ५ ७ / ४ ९ २ हा चौरस वर डावीकडे, त्यात ९ मिळवून खाली उजवीकडे, १८ मिळवून वर उजवीकडे, २७ मिळवून खाली डावीकडे. उभ्या रांगा लगेच १११ येतात, आडव्या मात्र वर ८४ आणि खाली १३८. फरक भरायला डाव्या बाजूचे तीन आकडे वर-खाली बदला: ८ आणि ३५, ४ आणि ३१, मधल्या ओळीत ५ आणि ३२.

३५ १ ६ २६ १९ २४
३ ३२ ७ २१ २३ २५
३१ ९ २ २२ २७ २०
८ २८ ३३ १७ १० १५
३० ५ ३४ १२ १४ १६
४ ३६ २९ १३ १८ ११

मधल्या ओळीत पहिल्या घराऐवजी दुसरे घर का, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. ३ आणि ३० बदलून पाहा. ओळी आणि रांगा सगळ्या १११ येतील, पण एक कर्ण ८४ आणि दुसरा १३८ येईल. कर्ण मधल्या घरातून, म्हणजे ५ आणि ३२ मधून जातात, ३ आणि ३० ला ते शिवतही नाहीत.

या चौरसात बाकी जिरवायला जागा नाही. ३५ आणि ३१ एकाच उभ्या रांगेत आहेत, ३२ आणि ३६ दुसऱ्या रांगेत. तेव्हा १११ वजा करून सहाने नि:शेष भाग जाईल तीच बेरीज घ्यावी. ४४० वजा १११ म्हणजे ३२९, भाग जात नाही. ४४१ वजा १११ म्हणजे ३३०, सहाने भागून ५५. पहिली ओळ ९०, ५६, ६१, ८१, ७४, ७९. म्हणजे या रीतीने ६×६ मध्ये नागपूर अडते आणि कामठी सुटते.