सूनियनच्या कड्यावरून दिसलेलं शीड

अथेन्सच्या पाच दिवसांतला एक आख्खा दिवस मी सूनियनला, म्हणजे समुद्रात घुसलेल्या कड्यावरच्या जुन्या देवळाला, दिला. बरोबरच्यांना एका देवळासाठी जाऊन येऊन चार तास बस नको होती म्हणून मग एकटीच निघाले. पेदिओन तू आरेओस नावाची बाग आहे तिथून केटेलची, म्हणजे आपल्या एसटीसारखी गावोगावी जाणारी, बस सुटते, साधारण 70 किलोमीटर, ग्लिफाडा, वूलियाग्मेनी, वार्किझा असं करत सगळा रस्ता समुद्राला चिकटून जातो. उजव्या हाताची खिडकी धरा, बाकी काही करू नका.

माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, मांडीवर टोमॅटोची पिशवी. त्यांचा स्टॉप आला तशा उतरल्या आणि खाली पाय टेकतो न टेकतो तोच फोन कानाला लावून म्हणाल्या, "एफ्तासा, एफ्तासा". मागच्या सीटवरच्या मुलीला विचारलं तर म्हणाली, म्हणजे पोचले. मला एकदम भरूनच आलं, कारण मी ज्या गोष्टीसाठी तिथे चालले होते ती गोष्ट याच एका शब्दाची आहे.

थिसियसची गोष्ट. क्रीटच्या मिनोस राजाला अथेन्सने दर नऊ वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या, मिनोटॉर या अर्ध्या बैल-अर्ध्या माणसाच्या तोंडी द्यायला. जहाजाला शीड काळं, कारण कोणी परत येणारच नसायचं. तिसऱ्या खेपेला राजा एजियसचा मुलगा थिसियस स्वतः निघाला आणि म्हणाला मी त्याला मारून येतो. तेव्हा बापाने एक पांढरं शीड बरोबर दिलं, जिवंत परत आलास तर हे लाव म्हणून. मिनोटॉर मेला, मुलं सुटली, आणि आनंदाच्या भरात शीड बदलायचं राहिलं. प्लुटार्क हा जुना ग्रीक चरित्रकार म्हणतो थिसियसही विसरला आणि जहाज चालवणाराही विसरला. बापाने लांबून काळं शीड पाहिलं आणि कड्यावरून उडी टाकली. त्याच्याच नावावरून तो एजियन समुद्र.

कुठल्या कड्यावरून यावर एकमत नाही, काही जण सूनियनच्या म्हणतात. पॉसेनियस हा जुना ग्रीक प्रवासी लेखक सांगतो अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीवरून, नाइकी या विजयदेवतेच्या देवळापाशी, जिथून समुद्र दिसतो. मी आदल्या दिवशी तिथेही उभी राहिले होते, पण आता मधे एवढं शहर पसरलंय की समुद्र म्हणजे लांबवर एक चकाकणारी रेघ. सूनियनला तसं नाही, तिथे समुद्राशिवाय काहीच नाही. इसवी सनापूर्वी 444 ते 440 च्या सुमाराचं पोसायडनचं, म्हणजे समुद्रदेवाचं, देऊळ, पांढरा संगमरवर तिथल्याच डोंगरातला, एरवी अशा डोरिक पद्धतीच्या खांबांना 20 उभ्या पन्हळी असतात इथे 16च आहेत. एका खांबावर इंग्रज कवी बायरनचं नाव कोरलेलं आहे म्हणतात, पण दोरीच्या अलीकडून मला काही ते सापडलं नाही आणि मी फार शोधलंही नाही.

मी दक्षिणेकडे तोंड करून बसले. क्रीट त्याच बाजूला. खूप लांब एक पांढरा ठिपका होता, बराच वेळ ते जहाज आहे हेच कळेना, आधी फक्त शीड दिसतं, मग खालचा भाग, माणसं तर सगळ्यात शेवटी. मग डोक्यात हिशोब सुरू झाला. कडा साधारण 60 मीटर, म्हणजे क्षितिज 27-28 किलोमीटरवर, आणि शिडाची बोट ताशी आठ-नऊ किलोमीटरने येते असं धरलं तर क्षितिजापासून इथपर्यंत तीन तास. तीन तास तो म्हातारा ते काळं शीड मोठं मोठं होताना बघू शकला असता. एकदम वाईट बातमी कळणं वेगळं आणि हे वेगळं.

2008 साली मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने कराडहून बेंगळुरूला इंटरव्ह्यूला गेले होते. निघताना जाते म्हटलं तर आई ओरडली, येते म्हण. सकाळी पोचले, तशीच इंटरव्ह्यूला पळाले, जॉब मिळाला, मग मैत्रिणीच्या रूमवर जेवण, गप्पा, झोप. फोन बॅगेत, सायलेंटवर. इकडे टीव्हीवर बातमी, हायवेवर ट्रॅव्हल्स उलटली. संध्याकाळी सहाला मी फोन केला तेव्हा बाबा एसटी स्टँडवर होते, दुपारपासून. एवढंच म्हणाले, "पोचलीस ना? बरं बरं." आवाज अगदी नेहमीचा. आईने पुढे खूप दिवसांनी सांगितलं की त्यांच्या शर्टच्या खिशात माझा पासपोर्ट साइजचा फोटो होता. आईने विचारलं कशाला, तर म्हणाले, "लागला तर असावा."

त्यामुळे ही गोष्ट देवाची शिक्षा म्हणून सांगतात ते मला पटत नाही. थिसियसने त्याला मदत केलेल्या मिनोसच्या मुलीला, एरियाडनीला, नॅक्सॉस बेटावर टाकून दिलं, तिच्या शापाने तो शीड विसरला, असंही सांगतात. पण शाप तिने द्यायचा थिसियसला आणि मरायचं एजियसने, हा कुठला न्याय? मी नवससायास करत नाही, कर्माचं फळ वगैरेही मानत नाही. मी मानते ते एवढंच की घरी वाट बघणाऱ्याला आपण दिसत नसतो, त्याला फक्त आपलं शीड दिसतं, आणि ते बदलायचं काम आपलं, कितीही आनंदात असलो तरी. विसरलो हे कारण खरं असलं तरी तिकडे वाट बघणाऱ्याला त्याचा काय उपयोग.

प्लुटार्कने अजून एक बारीक गोष्ट लिहून ठेवलीय ती मला फार लागली. थिसियस अथेन्सजवळच्या फालेरॉन बंदरात उतरला आणि नवस फेडत बसला, निरोप्याला पुढे पाठवलं. लोकांनी निरोप्याला घालायला हार आणले, पण राजा गेल्याचं त्याला तिथेच कळलं होतं, म्हणून त्याने हार गळ्यात न घेता हातातल्या काठीला गुंडाळले आणि परत फिरला. थिसियसची पूजा होईपर्यंत तो थांबला, आणि मग सांगितलं.

सूर्य बुडाला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मी त्या शिडाकडेच बघत होते, ते आता देवळाखालच्या खाडीत येऊन थांबलं होतं, बोटीवर दोन माणसं दोर गुंडाळत होती. मग शेवटची बस. अथेन्सला खोलीवर यायला अकरा वाजून गेले, म्हणजे कराडला दीड वाजून गेलेला. बाबा आता 74 वर्षांचे आहेत, नऊला आडवे होतात. सकाळी बघतील म्हणून व्हॉट्सॲपवर ‘पोचले’ एवढंच टाकलं. दोन्ही टिक लगेच निळ्या झाल्या.