एका कव्हरवर तीन सह्या, चौथी जागा मोकळी

तिसरी सही मिळाली. बिल वॉर्ड!

आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी: ब्लॅक सबाथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या पहिल्या, १९७० सालच्या एलपीच्या एकाच कव्हरवर मूळ चौघांच्या सह्या घ्यायच्या, आणि चारही समोर उभं राहून घ्यायच्या, असा माझा हट्ट आहे. गिटारवादक टोनी आयोमी आणि बेसवादक गीझर बटलर यांच्या सह्या बँडच्या निरोपाच्या दौऱ्यातच, २०१७ साली झाल्या. ड्रमर वॉर्डसाठी मात्र थांबावं लागलं. २०१३चा अल्बम आणि तो दौरा, दोन्हींत तो नव्हता. मूळ चौघं पुन्हा एका रंगमंचावर आले ते थेट ५ जुलै २०२५ला, बर्मिंगहॅममध्ये व्हिला पार्क या फुटबॉल मैदानावर. मी आदल्या दिवशीच तिथे पोचलो होतो आणि हॉटेलच्या दाराबाहेर पाच तास उभा होतो.

सगळ्यात जास्त तयारी पेनाची केली. कव्हरवरची ती बाई काळ्या झग्यात आहे, म्हणून तिथे चंदेरी पेंट मार्कर. बाकी भागासाठी काळा. गुळगुळीत कव्हरवर शाई धरत नाही, थेंब थेंब गोळा होते. त्यामुळे सकाळीच मऊ कोरड्या फडक्यानं बोटांचे ठसे पुसून काढले. मार्कर हलवून, टोक रद्दी कागदावर दाबून शाई चालू करून ठेवली. हे आधी करून ठेवलं नाही तर सहीचं पहिलं अक्षर कोरडंच उमटतं, आणि कलाकाराला ‘परत एकदा करा’ म्हणायची माझी तरी छाती होत नाही.

बटलरच्या सहीचं शेपूट फरफटलेलं आहे, ते माझ्याच घाईनं. मिळाल्या मिळाल्या कव्हर प्लास्टिकमध्ये सरकवलं होतं. या वेळी वॉर्डची सही झाल्यावर वीस मिनिटं कव्हर दोन्ही हातांत आडवं धरून भिंतीच्या आडोशाला उभा राहिलो. शाई वाळताना तिची ओली चमक हळूहळू मंद होत जाते, ते बघत. एकही रेघ हलली नाही. सही झग्याच्या उजव्या कडेला आहे, चंदेरी, जरा तिरकी. फार सुंदर दिसते.

चौथा, म्हणजे गायक ऑझी ऑस्बॉर्न, त्या दिवशी दिसलाच नाही. सतरा दिवसांनी, २२ जुलैला तो गेला.

तेव्हापासून त्याच्या सह्या विकायला काढणाऱ्यांचे रोज निरोप येतात. कुणाकडून घेणार असाल तर जपून. पार्किन्सन्स, म्हणजे हात थरथरायला लावणारा आजार, असल्याचं त्यानं २०२०च्या जानेवारीत जाहीर केलं होतं. नंतरच्या अल्बमवर ऐंशीच्या दशकातल्यासारखी सळसळती, एका दमात मारलेली सही कुणी दाखवली, तर मी आधी शंकाच घेतो. सही कुठल्या काळातली सांगतात आणि ज्या वस्तूवर आहे ती कधीची, एवढं जुळवून पाहिलं तरी बऱ्याच बनावट सह्या गळतात. नुसत्या प्रमाणपत्रावर मी विसंबत नाही. सही घेतानाचा फोटो असेल तरच पुढचं बोलणं.

कव्हरवर विकतची सही चढवणार नाही, हे ठरलंय. वरचं आकाश त्याच्यासाठी मोकळं ठेवलं होतं, ते तसंच राहील. मात्र वेगळ्या पांढऱ्या कार्डावरची एक सही सध्या तपासतोय. १९९७च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमला पुनर्मीलनाचे दोन कार्यक्रम झाले, तेव्हाची असल्याचा दावा आहे. त्या काळात ऑझीकडून स्वतः घेतलेली सही कुणाकडे असेल तर स्वच्छ उजेडातला फोटो दाखवा. मला दोन्ही ‘झेड’ची वळणं ताडून पाहायची आहेत.