बाबांची 'दिल्ली'

ऑकलंडहून डेव्हनपोर्टला जाणारी फेरी जेमतेम बारा मिनिटांची. जानेवारीतलं कडक ऊन होतं. लेक म्हणाली, "उद्या सकाळी जाऊ ना," पण मला धीर नव्हता. तिथल्या नौदल तळाच्या प्रवेशद्वाराशी सहा इंची तोफांचा एक टरेट, म्हणजे तोफांचा फिरता पोलादी बुरूज, ठेवलाय, भारतानं न्यूझीलंडला भेट दिलेला. तो ज्या बोटीचा, त्या बोटीच्या बॉयलर रूममध्ये माझ्या वडिलांनी घाम गाळला.

बाबा मालवणचे, नौदलात स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे खलाशी. बोट 'आयएनएस दिल्ली'. पण तिचं माहेरचं नाव ते जास्त मायेनं घेत: 'अकिलीस'. १९३२ साली इंग्लंडात बर्कनहेडला पाण्यात उतरलेली ही हलकी क्रूझर, म्हणजे वेगवान युद्धनौका, ब्रिटिशांनी पुढं न्यूझीलंडच्या दिमतीला दिली. निम्म्याहून जास्त खलाशी न्यूझीलंडचेच. १३ डिसेंबर १९३९च्या सकाळी दक्षिण अमेरिकेतल्या रिव्हर प्लेट नदीच्या मुखाबाहेर 'एजॅक्स' आणि 'एक्झिटर' या ब्रिटिश क्रूझरांसोबत तिनं जर्मनांच्या 'ग्राफ श्पे' या युद्धनौकेला गाठलं.

ही लढाई बाबांना तोंडपाठ होती. "त्यांचा गोळा तीनशे किलोचा, आमचा पन्नासचा. सिमेंटचं एक पोतं आपण फेकायचं, तर समोरून सहा पोती यायची." १९३९मध्ये बाबा दोन वर्षांचे होते, पण 'आमचा'च म्हणत, आणि ते मला नेहमीच रास्त वाटलं. एक गोळा अकिलीसच्या जवळ पाण्यात फुटला. त्याच्या किरच्या तोफांचा नेम धरणाऱ्या मनोऱ्यात घुसल्या. कप्तान पॅरींच्या पायांना जखमा झाल्या, तोफांचे अधिकारी वॉशबर्न यांच्या डोक्याला लागलं. दोघंही जागचे हलले नाहीत. अकिलीसवर चार जण गेले, एजॅक्सवर सात, एक्झिटरवर एकसष्ट. एवढं होऊन दिवसभर अकिलीस आणि एजॅक्स त्या बलाढ्य जहाजाच्या मागावर राहिल्या. ते मॉन्टेव्हिडिओ बंदरात शिरलं आणि लढाईनंतर चार दिवसांनी त्याच्याच कप्तानानं ते बुडवलं.

पुढं सॉलोमन बेटांजवळ, जानेवारी १९४३मध्ये, जपानी विमानाचा बॉम्ब एका टरेटवर पडला. तेरा जण गेले. दुरुस्ती होऊन ती पुन्हा पॅसिफिकमध्ये लढली.

५ जुलै १९४८ला ती आपल्या नौदलात आली. मला सगळ्यात भिडतं ते याच्या पुढचं. त्याच ऑगस्टमध्ये भारतीय नौदलाचे प्रमुख म्हणून कोण आले? तेच पॅरी. ज्या बोटीवर रक्त सांडलं, तीच बोट नव्या झेंड्याखाली त्यांच्या ताफ्यात. मुंबईच्या गोदीत तिला पुन्हा पाहताना त्या माणसाला काय वाटलं असेल!

डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी 'दिल्ली' दीवला गेली. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे, खाली बॉयलरपाशी. "वर काय चाललंय ते दिसत नाही. तोफ सुटली की पायाखालचं लोखंड सांगतं." किल्ल्यावर मारा झाला हे त्यांना वर आल्यावर कळलं. प्लेटच्या लढाईत खाली राबलेल्या स्टोकरांचा विषय निघाला की ते गप्प व्हायचे. त्यांचं काम कुणी लिहीत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटे. मलाही वाटतं.

३० जून १९७८ला ती निवृत्त झाली आणि मग भंगारात गेली. त्या पावसाळ्यात बाबा कितीतरी संध्याकाळी एकटेच बंदरावर जाऊन बसत.

टरेटसमोर उभं राहून मी आईला व्हिडिओ कॉल लावला. मालवणात नुकतंच उजाडत होतं. तिनं तोफा नीट न्याहाळल्या, पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "हात लावलंस काय रे?"

लावला होता. लोखंड चांगलंच तापलं होतं.